जिम्नी फाइव्ह डोअर: सह्याद्री ते स्पिती, वापरानंतरचा अनुभव

कच्च्या रस्त्यांवरच्या लांब प्रवासासाठी मारुती सुझुकीची फोर बाय फोर जिम्नी घ्यायची असेल, तर सीट चार असल्या तरी गाडी दोघांचीच, हे आधी पक्कं करा. जून २०२३ मध्ये आलेल्या या पाच दरवाजांच्या गाडीचं रिकामं वजन साधारण १,२०० किलो आणि सगळं भरून कमाल मर्यादा १,५४५. म्हणजे हाताशी जेमतेम साडेतीनशे किलो. दोघांचे दीडशे, २० लिटर पाणी, पेट्रोलचा जेरीकॅन, तंबू, अंथरूण, शेगडी, शिधा, कॉम्प्रेसर, हत्यारं, टो पट्टा, बॅगा. बघता बघता पावणेतीनशे होतात. मागच्या सीट उभ्या असतील तर डिकी २०८ लिटर, त्यामुळे चौघं बसले की बॅगांनाही जागा उरत नाही.

टपावरच्या तंबूचा मोह टाळा. पन्नास-साठ किलो टपावर गेले की ही उंच, अरुंद गाडी घाटात जास्तच कलते. पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून पाठ पूर्ण मागे टाकली की दोघांना आत झोपता येतं, फक्त सीटच्या सांध्यातली खाच फोमने भरून घ्या. रुंदी १,६४५ मिलिमीटर असल्यामुळे किन्नौरच्या कड्यालगतच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला तरी बाजू देताना फार ओढाताण होत नाही.

दीड लिटरचं १०५ पीएसचं पेट्रोल इंजिन टर्बोशिवायचं आहे. कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ५७ टक्केच असतो, ताकदही त्याच प्रमाणात घटते. भरलेली गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते. दगडधोंड्यांच्या चढावर क्लच घासत बसण्यापेक्षा गाडी थांबवा, क्लच दाबा, ४एल (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाका. चाकांवरचा जोर दुप्पट होतो. ४एचला (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाने) मात्र गाडी थांबवावी लागत नाही; चाकं सरळ ठेवून ताशी १०० च्या आत लिव्हर ओढता येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर ४एच वापरू नका. वळताना गाडी अडखळते आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

टाकी ४० लिटरची. हायवेला ताशी ९० ने १५ चा अ‍ॅव्हरेज मिळतो, स्पितीत ११ धरून चाला. स्पितीतल्या काझाला टाकी फुल केल्याशिवाय कुंझुमच्या वाटेवरच्या लोसरकडे निघू नका. जेरीकॅन धातूचाच घ्या आणि २० लिटरच्या कॅनमध्ये १८ च लिटर भरा. उंचीवर आत दाब साठतो, म्हणून झाकण हळूहळू, टप्प्याटप्प्याने सोडा.

टायरचं गणित मजेशीर आहे. बाहेरच्या हवेचा दाब उतरल्यामुळे गेज साडेचार हजार मीटरवर सहा पीएसआयपर्यंत जास्त दाखवतं, थंडीमुळे त्यातले दोन-तीन परत जातात. म्हणून दाब वर पोहोचल्यावर, सकाळी टायर थंड असताना पाहा. कुंझुमपलीकडच्या बातल ते ग्रामफू या खडकाळ पट्ट्यात २० पीएसआय ठेवला की हादरे निम्मे होतात आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सांभाळली तर पंक्चरही कमी. डांबर लागलं की लगेच हवा भरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावून चालवा, लायटर सॉकेटचा फ्यूज उडतो. याच पट्ट्यातले नाले बर्फ वितळल्याने दुपारनंतर चढतात, तेव्हा ते सकाळीच ओलांडा. पाणी गुडघ्याला लागत असेल तर पुढे घालू नका.

चिखलातून आल्यावर ताशी ७०-८० ला स्टिअरिंग थरथरलं तर लगेच गॅरेज गाठू नका. आधी वाकून रिमच्या आतली बाजू बघा. तिथे चिखल वाळून एका अंगाला पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो. मूठभर माती, पण पुढची दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल अखंड असल्याने तेवढीही हाताला जाणवते. पाण्याचा फवारा आतून मारा, मग बॅलन्सिंग तपासा.

परतल्यावर पुढच्या चाकांच्या नकलवर (चाक जिथे वळतं त्या सांध्यावर) सीलमधून ग्रीस बाहेर आलंय का ते पाहा. नाले ओलांडले असतील तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, ते त्याच दिवशी बदला.