घरबसल्या बातम्या लिहा म्हणे! माझा अनुभव वाचा आधी

गणपती झाले की आमच्या देवगडात सगळ्यांचे खिसे रिकामे, आणि आंबा यायला अजून सहा महिने. अशात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, एका वेबसाइटला घरबसल्या मराठी न्यूज रायटर पाहिजेत, बातमीमागे 30 रुपये. मी बीए मराठी, म्हटलं करूया. आयकार्डाचे म्हणून 1,200 रुपये आधीच घेतले, तिथेच कळायला हवं होतं, पण कार्डावर 'प्रतिनिधी' छापलेलं बघून मी जाम खूश.

काम काय, तर सकाळी पेपर आला की जिल्ह्याच्या पानाचे फोटो काढायचे, मोबाईलने त्यातला मजकूर उचलायचा, चार शब्द इकडचे तिकडे करायचे आणि पाठवायचं. "सगळेच करतात, पेपरवाले तरी कुठून आणतात?" असं तो फोनवरचा साहेब म्हणायचा. कुठून आणतात ते मला चांगलं माहीत होतं खरं तर, आमच्या वाडीतले एक काका कित्येक वर्षं वार्ताहर आहेत, भर पावसात बंदरावर उभे राहून माहिती घेतात, आणि 6 जानेवारीला न चुकता पोंभुर्ल्याला जातात, कारण 1832 साली त्याच दिवशी 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर तिथले, आमच्याच तालुक्यातले. तरी मी डोळेझाक केली.

दीड महिन्यात 380 बातम्या. प्रत्येकीखाली माझं नाव, आणि वर, खाली, मध्ये जाहिराती. पैसे मागितले की ठरलेलं उत्तर, अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे गुगलच्या जाहिरातींच्या खात्यात, 100 डॉलर जमले की गुगल सोडतं, मग देतो. 100 डॉलरची अट खरीच आहे म्हणून मी गप्प, पण ती त्याच्या खात्याची, माझ्या मजुरीशी तिचा संबंध काय हे डोक्यातच आलं नाही. 11,400 रुपये झालेले, एक रुपया नाही मिळाला.

फुटलं ते कालवांमुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांमुळे. खाडीत ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकांवर काकांनी लिहिलेलं, सुंदर लिहिलेलं. मी उचलून पाठवलं, तिकडे कोणीतरी 'शुद्ध' करून कालवांचे 'कालवे' केले आणि वर धरणाच्या कालव्याचा फोटो! नाव माझं. काका बाजारात भेटले, "मेल्या, माझ्या कालवांचो पाट केलंस मरे!" एवढंच बोलले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने पेपरच्या वकिलाची नोटीस आली, माझ्याच नावाने. कणकवलीचे वकील म्हणाले, घटना कोणाच्या मालकीची नसते पण ती लिहिलेले शब्द असतात, आणि जाणूनबुजून उचलले तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. तेव्हा ट्यूब पेटली, नाव छापत होता ते माझ्या कौतुकासाठी नाही, कोणी धरलाच तर मी सापडावा म्हणून. त्याचं स्वतःचं नाव, पत्ता साइटवर कुठेच नाही, फोन बंद. असला मेसेज तुम्हाला आला तर आधी एवढं बघा, मालकाचं नाव दिसतंय का, आणि पैसे तुम्हाला मिळणार की तुमच्याकडूनच घेतायत.

काकांनीच मध्ये पडून माफीपत्रावर मिटवलं. साइट बंद झाली म्हणून मी निर्धास्त होतो, तर परवा मित्राने लिंक पाठवली, नाव नवीन, प्रतिनिधी कोणी गुहागरचा पोरगा, आणि तो कालव्याचा फोटो अजून तिथेच.