फायरफॉक्समधली पासवर्डची सोय: गेलेले पासवर्ड परत मिळतात का?

पासवर्ड सेव्ह तर सगळेच ब्राउझर करतात. खरी पारख होते ती कॉम्प्युटर बिघडल्यावर, फॉरमॅट मारल्यावर, किंवा एके दिवशी यादीच रिकामी दिसल्यावर. घरच्या विंडोज कॉम्प्युटरपुरतं बोलायचं तर इथे फायरफॉक्स उजवा ठरतो. त्याचे सगळे पासवर्ड दोन फायलींत असतात आणि त्या उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतात.

पहिली फाइल ‘लॉगिन्स.जेसन’. हिच्यात साइटचे पत्ते आणि कुलूपबंद केलेले पासवर्ड असतात. दुसरी ‘की४.डीबी’, म्हणजे त्या कुलपाची किल्ली. बहुतेकांचं इथेच चुकतं: पहिली कॉपी करतात, दुसरी राहून जाते, आणि मग पासवर्ड उघडतच नाहीत. दोन्ही एकाच वेळच्या, एकाच प्रोफाइलमधल्या (म्हणजे फायरफॉक्स तुमचे पासवर्ड, बुकमार्क, सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमधल्या) हव्यात. त्या शोधायला पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट:सपोर्ट’ टाइप करा आणि ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबा. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करूनच कॉपी करा. तो चालू असताना फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते. नव्या कॉम्प्युटरवरही असंच प्रोफाइल फोल्डर उघडायचं, तिथल्या दोन फायली आधी बाजूला ठेवायच्या आणि जुन्या त्यांच्या जागी टाकायच्या.

विंडोज सुरूच होत नसेल तरी घाबरू नका. डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. यूझर्समधलं आपलं नाव, ॲपडेटा, रोमिंग, मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स या क्रमाने आत जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करावं लागतं. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कच कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लागेलच. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, हे पाहून ठेवा.

क्रोममध्ये हे जमत नाही. त्याची किल्ली विंडोजच्या त्या यूझर खात्याला बांधलेली असते, त्यामुळे फायली दुसरीकडे नेऊन पासवर्ड उघडत नाहीत. त्याच कॉम्प्युटरवरही लोकल खात्याचा विसरलेला पासवर्ड दुसऱ्या ॲडमिन खात्यातून ‘रीसेट’ केला, तर साठा वाचता येईनासा होऊ शकतो. जुना पासवर्ड देऊन ‘बदलला’ तर मात्र काही होत नाही. गूगल खात्याचं सिंक चालू असेल तर क्रोमवाल्यांनाही चिंता नाही, हे मान्य करायला हवं.

यादी अचानक रिकामी दिसली, तर बहुतेक वेळा पासवर्ड गेलेले नसतात, प्रोफाइल बदललेलं असतं. आवृत्ती ६७पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्याने टाकला की समोर कोरी पाटी. ‘अबाउट:प्रोफाइल्स’मध्ये जुनं प्रोफाइल दिसलं तर त्याखालचं ‘लाँच प्रोफाइल’ दाबून पाहा. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ केलं असेल तर डेस्कटॉपवरचं ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ फोल्डर डिलीट करण्याची घाई करू नका.

दुसरं कारण बिघडलेली फाइल. २०१९मध्ये एका अँटिव्हायरसच्या पासवर्ड-संरक्षणामुळे अनेकांची ‘लॉगिन्स.जेसन’ वाचता येईनाशी झाली होती. फायरफॉक्सने ती फेकली नव्हती, नावापुढे ‘करप्ट’ लावून ठेवली होती. अशी फाइल सापडली तर फायरफॉक्स बंद करून तिचं नाव पूर्ववत करा. शेजारी ‘लॉगिन्स-बॅकअप.जेसन’ असेल तर तिचीही एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा.

पासवर्ड यादीत आहे, पण साइटवर आपोआप भरला जात नाही, ही तक्रार सध्या बँकांच्या बाबतीत होणं साहजिक आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘.बँक.इन’ या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं. ब्राउझर पासवर्ड पत्त्याशी जुळवतो. पत्ता बदलला की तो गप्प बसतो, आणि ते बरोबरच आहे, कारण नकली साइटवरही तो असाच गप्प बसतो. आधी पत्त्याचा शेवट नीट वाचा. मग ‘अबाउट:लॉगिन्स’ उघडून बँकेच्या नावाने शोधा, पासवर्ड कॉपी करून भरा आणि ‘सेव्ह’ विचारल्यावर हो म्हणा.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. फायली जशा तुम्हाला उचलता येतात, तशा कुणालाही येतात. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात ‘प्रायमरी पासवर्ड’, म्हणजे सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डांवरचा एक मुख्य पासवर्ड, लावला नसेल, तर त्या दोन फायली मिळालेल्या माणसाला सगळं वाचता येतं. घरात चार जण कॉम्प्युटर वापरतात तिथे तो लावाच. पण तो विसरला तर सुटका नाही. रीसेट केला की सेव्ह केलेले सगळे पासवर्ड पुसले जातात. कागदावर लिहून कपाटात, पासबुकांजवळ ठेवला तरी चालेल.

‘अबाउट:लॉगिन्स’मधल्या तीन टिंबांखाली एक्स्पोर्टही आहे. त्यातून सीएसव्ही फाइल निघते, पण तिच्यातले पासवर्ड उघडे असतात, नोटपॅडमध्येही वाचता येतात. दुसऱ्या ब्राउझरमध्ये घेऊन झाले, की ती लगेच शिफ्ट-डिलीटने काढा आणि डाउनलोड्समध्ये दुसरी प्रत उरली नाही ना, तेही बघा.