‘हवाबंद’ पिशव्या आणि 120 किलो तुरीचे बियाणे

हे लिहायला लाज वाटते, कारण माझी सारी नोकरी मुंबईत भांडारपाल म्हणून पोती मोजण्यात गेली आणि मी फसलो तो पिशवीतच. गावी भाऊ तूर करतो. भावकीच्या पेरणीसाठी राखलेल्या 120 किलो बियाण्याला भुंगा लागू नये म्हणून फेब्रुवारीत मी मशीद बंदरच्या एका दुकानातून 220 रुपयांची एक अशा 12 ‘हवाबंद’ पिशव्या आणि 380 रुपयांचे एक अशी बीजप्रक्रियेच्या भुकटीची 5 पाकिटे घेतली. एकूण 4,540 रुपये, पावती कच्ची. पक्की पावती घ्या, जीएसटी वाढला तरी घ्या. पुढे तिच्याविना कोणी दारात उभे करत नाही.

खरे तर दुकानातच कळायला हवे होते. एक पिशवी फुगवून दाबली, तेव्हा तळाच्या शिवणीतून माझ्या गालाला वारा लागला. “काका, माल भरला की दबून बसतं,” असे दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली! हवाबंद पिशवीचे आतले जाड अस्तर शिवत नाहीत, त्याचे तोंड पिळून, दुमडून बांधतात. मग आतला प्राणवायू संपत जातो आणि शेतातूनच शेंगेबरोबर आलेली कीड गुदमरते. सुईच्या भोकांतून हवा खेळली की भुंग्याचे फावते. पाकिटावर नोंदणी क्रमांक नव्हता, घटकांची नावे नव्हती. तेही मी पाहिले नाही. आई कणगीत राख मिसळायची, ती फुकट होती.

बियाणे ओले भरले असेल, असे कोणी म्हणू नये. तीन उन्हे दिली होती, दाणा दाताखाली कटकन फुटत होता. जूनमध्ये पिशव्या सोडल्या तर दाण्यादाण्याला गोल भोक. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवले, 31 उगवले; प्रमाणित तुरीला किमान 75 टक्के उगवण लागते. ही चाचणी दरमहा करा, पेरणीच्या तोंडावर नव्हे. नवे बियाणे 160 रुपये किलोने घेतले, 19,200 रुपये गेले.

तक्रारीला गेलो, तर मुंबईत सांगितले की शेती गावी आहे, तालुक्याला जा. तालुक्याला म्हणाले, खरेदी मुंबईची, तिकडेच जा. पोलिसांनी हा दिवाणी मामला ठरवला. एका साहेबांनी तर साठ वर्षांच्या माणसाला “पिशवी बघून घ्यायची ना” असे सुनावले, आणि भुकटीचा नमुना तपासायला घ्या म्हटल्यावर, सीलबंद पाकीट आणा, म्हणाले. पाचही पाकिटे तुरीला चोळून संपली होती. ती तूर आज पडवीत पडून आहे; तिची डाळ करता येत नाही, बैलांनाही घालता येत नाही, कारण तिला काय चोळले आहे, हे अजून कोणीच तपासून दिलेले नाही.