राष्ट्रध्वज : देव्हाऱ्यातला आणि अंगणातला

घरावर किंवा संस्थेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावायचे ठरले की खरा वाद कापडावरून किंवा काठीच्या उंचीवरून होत नाही. ध्वज वर्षभर फडकत ठेवावा की ठरावीक दिवशीच उभारावा, तो टोपीवर आणि सदऱ्यावर चालेल का, आणि ध्वजवंदनाला जो उभा राहणार नाही त्याच्याशी कसे वागावे, या प्रश्नांवर माणसे अडतात. त्यामागे दोन वृत्ती उभ्या असतात. एका वृत्तीच्या लेखी ध्वज देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा असतो, म्हणजे तो जपून हाताळायचा, नेमाने बाहेर काढायचा आणि त्याच्यासमोर आवाज खाली ठेवायचा. दुसऱ्या वृत्तीला तो अंगणातला हवा असतो, रोजच्या नजरेतला आणि घरच्या आनंदात सहभागी होणारा. आदर दोघींनाही हवा असतो. त्याची खूण कोणती मानायची एवढ्यापुरते त्यांचे पटत नाही. ज्याला आपल्या घरासाठी किंवा संस्थेसाठी रीत ठरवायची आहे, त्याने या दोन्ही वृत्ती प्रत्यक्षात कशा चालतात ते आधी पाहावे.

नियम सारखे, परिणाम वेगळे

भारत आणि अमेरिका यांची तुलना सर्वांत बोलकी आहे, कारण दोन्ही देशांच्या ध्वजसंहितांतील कित्येक वाक्ये एकमेकांशी जुळतात. ध्वज चपळाईने चढवावा आणि सावकाश, सन्मानपूर्वक उतरवावा. तो जमिनीला टेकू नये. जीर्ण झाल्यावर त्याची विल्हेवाट सन्मानाने, शक्यतो जाळून करावी, असे दोन्हीकडे सांगितले आहे. फरक पडतो तो नियम मोडल्यानंतर. अमेरिकेची १९४२ची संहिता नागरिकांना केवळ मार्गदर्शन करते आणि तिच्या भंगाला शिक्षा नाही. ध्वजाचा पोशाख किंवा जाहिरात करू नये असे ती स्पष्ट म्हणते, तरीही तिथे ध्वजाचे रंग आणि तारे मोज्यांपासून पोहण्याच्या कपड्यांपर्यंत सर्वत्र दिसतात आणि ते वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही मोडत आहोत याची कल्पनाही नसते.

भारतात १९७१च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यान्वये ध्वजाच्या विटंबनेसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा इतका कडक असूनही देव्हाऱ्याचे दार मात्र हळूहळू उघडत गेले आहे. २६ जानेवारी २००२ रोजी नवी ध्वजसंहिता लागू होईपर्यंत सामान्य नागरिकाला मोजक्या प्रसंगांखेरीज ध्वज लावण्याची मुभा नव्हती. उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सन्मानपूर्वक ध्वज फडकावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, पण हा हक्क नियमांच्या अधीन राहील असेही सांगितले. २००५च्या दुरुस्तीने पोशाखावर ध्वज वापरण्यास वाट दिली. मात्र तो कमरेखाली नसावा आणि उशी, हातरुमाल किंवा अंतर्वस्त्र यांवर कधीच नसावा. डिसेंबर २०२१मध्ये पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर तयार केलेला ध्वज मान्य झाला, आणि जुलै २०२२मध्ये नागरिकाच्या घरावर दिवसरात्र ध्वज ठेवण्याची परवानगी मिळाली. वीस वर्षांत ध्वज देव्हाऱ्यातून अंगणात आला तरी सोवळे तसेच राहिले, असे या प्रवासाचे वर्णन करता येईल. भारतात ठरवणाऱ्याची अडचण नेमकी इथे आहे, कारण मोकळीक अंगणाची मिळाली आणि जबाबदारी देव्हाऱ्याचीच उरली.

डेन्मार्कचा वाढदिवस

अंगणाची वृत्ती कायद्याच्या धाकाशिवाय कशी टिकते हे पाहायचे असेल, तर डेन्मार्क पाहावा. लाल पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस असलेला तिथला ध्वज १२१९मध्ये आजच्या टालिनजवळच्या लढाईत आकाशातून पडला, अशी आख्यायिका आहे. इतक्या दैवी उगमाचा ध्वज देव्हाऱ्यात बसायला हवा होता, पण डेन्मार्कमध्ये तो वाढदिवसाच्या केकवर, नाताळच्या झाडावर कागदी माळांच्या रूपात आणि विमानतळावर परतणाऱ्या नातलगाच्या स्वागतासाठी छोट्या काठीवर दिसतो. खासगी व्यक्तींना ध्वज लावण्यास तिथेही १८३४पासून बंदी होती. ती १८५४मध्ये उठली. स्वतःचा ध्वज जाळणे हा तिथे गुन्हा नाही, मात्र परक्या राष्ट्राच्या ध्वजाचा अपमान करणे हा गुन्हा आहे. जपानच्या दंडसंहितेतही अशीच गंमत आढळते.

तरीही डेन्मार्कमधील मोकळीक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. अंगणातल्या काठीवरचा ध्वज सूर्यास्ताला उतरवण्याचा आणि तो जमिनीला लागू न देण्याचा संकेत तिथली माणसे स्वतःहून पाळतात. ज्यांना रोजची चढउतार जमत नाही, ते पूर्ण ध्वजाऐवजी त्याच रंगांची लांब निमुळती पताका लावतात, कारण ती रात्रंदिवस राहिली तरी चालते. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो: नियम सैल करण्याऐवजी, ज्याला नियम झेपत नाही त्याच्यासाठी वेगळी वस्तूच ठेवली आहे.

संकोचाची तिसरी वाट

जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशके सामान्य माणूस घरावर ध्वज लावायला कचरत असे, आणि हा संकोच अनादरातून आला नव्हता. २००६च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी गाड्यांवर आणि सज्जांवर काळा, लाल व सोनेरी ध्वज सर्रास दिसू लागला, तेव्हा त्याची तिथे मोठी चर्चा झाली. ध्वज न लावणारा माणूस ध्वजाच्या विरोधात असतो असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मोकळ्या काठीमागे इतिहास असू शकतो, स्वभाव असू शकतो, किंवा नुसता वेळेचा अभाव.

जाळणे आणि उभे न राहणे

दोन वृत्तींची खरी कसोटी मात्र अनादराच्या प्रसंगी लागते. टेक्सासमधील डॅलस शहरात १९८४च्या एका निदर्शनात ध्वज जाळणाऱ्या माणसाला झालेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी चुकीची ठरवली. बहुमताच्या निकालातील एक मुद्दा विचार करण्याजोगा आहे: मळलेला ध्वज विधिपूर्वक जाळला तर चालतो आणि निषेध म्हणून जाळला तर चालत नाही, असे म्हटले की शिक्षा कृतीला होत नसून तिच्यामागच्या मताला होते. पुढे संघराज्याने केलेला नवा कायदाही १९९०मध्ये तितक्याच मतांनी रद्द झाला. याउलट जर्मनीत ध्वजाच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि फ्रान्सने सार्वजनिक कार्यक्रमांतील अवमान २००३मध्ये दंडनीय केला. म्हणजे लोकशाही देशांतही यावर एकमत नाही, आणि कायदा कडक आहे तिथेच ध्वजाचे प्रेम अधिक असते असे यातून मुळीच दिसत नाही.

उभे न राहण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो ओळखीच्या माणसांत उद्भवतो. ध्वजवंदनास धार्मिक कारणाने नकार देणाऱ्या मुलांवर शाळेने सक्ती करावी असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४०मध्ये योग्य वाटले; अवघ्या तीन वर्षांनी, आणि तेही युद्ध चालू असताना, त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला. राष्ट्रगीताबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये केरळमधील तीन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात तसाच विचार केला: ती मुले आदराने उभी राहत होती पण गात नव्हती, आणि त्यांना शाळेतून काढणे अयोग्य ठरले. जपानमध्ये १९९९च्या कायद्याने सूर्यमंडलाचा ध्वज अधिकृत झाल्यानंतर टोकियोतील शाळांत शिक्षकांना ध्वजासमोर उभे राहण्याचे आदेश मिळाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये आदेश वैध मानले, पण २०१२मध्ये समज देण्यापलीकडच्या शिक्षांबाबत सबुरीचा इशारा दिला. देव्हाऱ्याच्या वृत्तीचा धोका इथे दिसतो: ध्वजाची काळजी घेता घेता ती माणसांची हजेरी घेऊ लागते. अंगणाच्या वृत्तीचा धोका उलट आहे. रोज दिसणारी वस्तू कोणी पाहत नाही, आणि मग कडा फाटलेला, उन्हाने विटलेला ध्वज महिनोन्‌महिने तसाच लटकत राहतो. निषेधाने जाळलेल्या ध्वजापेक्षा हा विसरलेला ध्वज मला अधिक वाईट वाटतो. पहिल्यात निदान कोणीतरी त्याच्याकडे पाहिलेले असते.

मग काय निवडावे

माझ्या मते निर्णय भावनेवर न सोपवता देखभालीवर सोपवावा. ध्वज वर्षभर ठेवायचा असेल तर एका ठरावीक माणसाकडे त्याची जबाबदारी हवी, बदलण्यासाठी दुसरा ध्वज तयार हवा आणि रात्रीही तो फडकणार असेल तर त्याच्यावर दिवा हवा. काठीपासून दूरची कड वाऱ्याने सर्वांत आधी उसवते, म्हणून तिची पाहणी आठवड्याला व्हावी. एवढे जमणार नसेल तर ठरावीक दिवशी ध्वज उभारून संध्याकाळी घडी घालून ठेवणे अधिक सन्मानाचे आहे, आणि त्यात कोणतेही उणेपण नाही. घरासाठी मी हीच रीत सुचवीन. ज्या संस्थेत पहारेकरी किंवा कार्यालयीन कर्मचारी रोज असतात, तिने खुशाल वर्षभराची रीत स्वीकारावी. कपड्यांवरील वापराबाबत आपल्या देशाचा कायदा वाचून ठरवावे, कारण अमेरिकेत निव्वळ अभिरुचीचा असलेला प्रश्न भारतात पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. ध्वजवंदनाला बोलावणे सर्वांना जावे, पण आलेल्यांची यादी करू नये.

वर्षभर ध्वज ठेवणाऱ्याला आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी लागते, ती म्हणजे राष्ट्रीय शोकाच्या काळात ध्वज अर्ध्यावर आणणे. तो थेट अर्ध्यावर चढवत नाहीत. आधी काठीच्या टोकापर्यंत नेतात, मग खाली आणतात, आणि संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकापर्यंत नेतात. दोरी ज्याच्या हातात असेल, त्याने हे एकदा मोकळ्या दिवशी करून पाहावे.