युरिऑप्स लावावे की मार्गेरीट?

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्ही सदाहरित झुडपे. पिवळे फूल हवे (युरिऑप्स) की पांढरे (मार्गेरीट), हा प्रश्न नंतरचा. आपला हात पाण्याला किती सढळ आहे आणि कात्री किती वेळा हाती धरणार, हे आधी बघा.

युरिऑप्स पेक्टिनेटस हे दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमधले. कंगव्यासारख्या कातरलेल्या राखाडी पानावर बोट फिरवले की मऊ लव लागते; तीच उन्हाचा मारा परतवते आणि पानातला ओलावा राखते. वर्षभरात मुळे खोल गेली की पाण्याचा ताण सहज काढते. उंची 1 ते 1.5 मीटर, पसाराही तेवढाच. दोन झाडांत मीटरभर अंतर सोडा. हे मरते ते बहुधा पाणी साचून. मुळे कुजू लागली की पाने माना टाकतात, आपण तहान समजून आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळेही जातात. मातीत 5 सेंमी बोट खुपसा. कोरडे लागले तरच पाणी.

मार्गेरीट, म्हणजे आर्गिरँथेमम फ्रुटेसेन्स, कॅनरी बेटांवरचे. 60 ते 90 सेंमीचे, त्यामुळे कुंडीत हेच उजवे. पण लाडावलेले! सुकलेली फुले देठासकट खुडत राहिले नाही तर बहर मंदावतो. कडक उन्हाळ्यात खुडूनही मंदावतो. पानांवर पांढुरक्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. ती पानाच्या पापुद्र्यांत असते, साबणाचे पाणी तिथे पोचत नाही. तेवढी पाने खुडून टाका.

खरा फरक छाटणीत. बहर ओसरल्यावर युरिऑप्स एक तृतीयांश उतरवले तरी पुन्हा दाट होते. मार्गेरीट मात्र जुन्या, तपकिरी, उघड्या लाकडात कापले तर बहुधा फुटत नाही. हिरवा भाग राखूनच छाटा. तरीही दोन-तीन वर्षांत बुंधा उघडा पडतो, म्हणून दरवर्षी छाट कलमे करून ठेवायची: फूल नसलेला 8-10 सेंमीचा शेंडा, खालची पाने काढून, निम्मी वाळू आणि निम्म्या कोकोपीटमध्ये. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

नत्र जास्त झाले की दोन्ही नुसती पानांनी माजतात.

युरिऑप्स घ्यायचे ठरले तर रोपावरच्या चिठ्ठीवर जाऊ नका. ‘विरिडिस’ हा याच नावाखाली विकला जाणारा प्रकार हिरव्या, तुकतुकीत पानांचा असतो. फूल सारखेच पिवळे. राखाडी लव हवी असेल तर पान चोळूनच घ्या.