दादाच्या गोळ्या आणि चरईतलं मेडिकल: पाचपैकी चार

दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की हे दुकान भरतं. नाव लिहीत नाही, कारण गल्लीत दादाला सगळे ओळखतात आणि त्याच्या गोळ्यांची चर्चा मला नको आहे. चरईतले लोक वर्णनावरून ओळखतीलच.

दादा ६६ वर्षांचा आहे आणि १९८९ पासून लिथियमवर (बायपोलरचं, म्हणजे मन टोकाला जाण्याच्या आजाराचं औषध) आहे. आम्ही लालबागहून इथे राहायला आलो तेव्हा मामा म्हणाला होता, "शेवटी ठाण्यालाच गेलात!" १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मुंबईकराच्या तोंडी 'ठाण्याला पाठवा'चा अर्थ काय, ते सांगायला नको. आईच्या आत्याला खरंच पाठवलं होतं, चाळीसच्या दशकात. तेव्हा गुंगीत ठेवणारी औषधं होती, आजारावरचं असं नव्हतंच. ती परत आली नाही. आई सांगायची त्यावरून तिचा आजार दादाचाच वाटतो. रात्र रात्र जागून घर धुवायची म्हणे. पहिल्या अटॅकमध्ये दादाने एका रात्रीत अख्ख्या चाळीचा जिना धुतला होता.

आधीचं मेडिकल स्टेशनजवळ होतं. तिथला माणूस भर गर्दीत ओरडायचा, "वो मेंटलवाली गोली निकाल रे!" दादाने तिथे जायचं सोडलं. मग हळूच गोळ्याही सोडल्या. त्याचे तीन आठवडे आम्ही कसे भोगले ते इथे लिहीत नाही.

चरईचे काका (माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळं ठाणं त्यांना काकाच म्हणतं) प्रिस्क्रिप्शन हातात घेतात, मनातल्या मनात वाचतात आणि स्ट्रिप उलटी ठेवतात. स्ट्रिप कापायची वेळ आली तर नाव आणि एक्सपायरी आपल्या तुकड्यावर राहील अशी कापतात. ब्रँड बदलला असेल तर न विचारता देत नाहीत.

आता मुद्द्याचं. गेल्या मे महिन्यात दादाची दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरांनी ब्रुफेन लिहून दिली, दादाने लिथियमचं सांगितलंच नव्हतं. मी दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. काकांनी ब्रुफेनचा डबा काढला, थांबले आणि परत ठेवला. "ताई, दोन्ही एकाच माणसाला?" मी हो म्हटलं. "मग ही देत नाही. हिने लिथियम किडनीतून बाहेर पडत नाही, रक्तात साठतं. वर हा उन्हाळा, घाम. आधी त्यांच्या मेन डॉक्टरांना फोन लावा." तिथेच उभ्याने लावला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलवर भागवायला सांगितलं आणि लिथियमची रक्ततपासणी चार दिवसांत करून घ्यायला लावली. १.१ आली. त्यांना १ च्या आत हवी असते.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, तर काकांनी गोष्ट सांगितली. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियातला डॉक्टर इस्पितळातल्या एका जुन्या कोठीघरात गिनीपिगवर प्रयोग करत होता. त्यातल्या एका क्षारात लिथियम होतं आणि ते टोचल्यावर प्राणी शांत पडून राहायचे. १९४९ मध्ये त्याने माणसांवरचे अनुभव छापले. त्याचा पहिला पेशंट बरा होऊन कामाला लागला, पण पुढे लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजत राहायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. अमेरिकेने तर या औषधाला १९७० पर्यंत थांबवलं. "आणि मूलद्रव्याचं पेटंट कोण घेणार? म्हणून ताई, एवढं स्वस्त." खरंच आहे, दादाच्या महिन्याच्या लिथियमपेक्षा आमचा एका रविवारचा मिसळ-पाव महाग पडतो.

दादा ऐकत होता. म्हणाला, "मला तर आधी हॅलोपेरिडॉलने वाकडी मान करून ठेवलं होतं." काका हसले नाहीत. म्हणाले, "ते १९५८ चं औषध. आता त्याच्यासोबत मान धरू नये म्हणून दुसरी गोळी देतात." दादाला कुणी असं सरळ उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तेव्हापासून तो स्वतः गोळ्या आणायला जातो, येताना काकांच्या दुकानातला पेपरही वाचून येतो.

एक तारा का कापला? होम डिलिव्हरी पारदर्शक पिशवीत येते. वॉचमनने एकदा स्ट्रिपवरचं नाव वाचून "साहब को क्या हुआ है?" विचारलं. दोनदा सांगून झालं, खाकी पाकीट अजून आलेलं नाही. शिवाय नवीन मुलगा फोनवर औषधांची नावं मोठ्याने रिपीट करतो. आणि गेल्या पावसाळ्यात लिथियम चार दिवस नव्हतं. काकांनी स्वतः कळव्याहून आणून दिलं, पण ते चार दिवस माझी झोप उडाली होती.

रविवारी दुपारनंतर बंद. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा. लिथियम हवं असेल तर आठवडाभर आधी फोन करा, आणि दुसरी कुठलीही चिठ्ठी असली तर तीही सोबत न्या.