मेशटास्टिकच्या डबीला बझर: ॲक्टिव्ह, पॅसिव्ह की नुसती थरथर?

मेशटास्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय रेडिओवरून छोटे निरोप धाडायची सोय. त्यासाठी हेल्टेक व्ही३ हा छोटा रेडिओ-बोर्ड घेतला, डबीत बसवला, सॅकच्या पट्ट्याला अडकवला. निरोप आला की इवलासा पडदा उजळतो, पण चालताना तो बघतो कोण? पावसाळ्यात फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॅकच्या तळाशी गेलेला असतो. पुढच्या मंडळींनी ‘ओढ्याला पाणी चढलंय, वरच थांबा’ असं पाठवलेलं आपल्याला ओढ्यावर पोचल्यावर दिसतं. म्हणजे बझर हवाच. कुठला, एवढंच ठरवायचं.

दुकानात बझर मागितला की 12 मिमीची काळी गोल डबी हातात येते. तिच्यात दोन जाती, दिसायला जुळ्या. ॲक्टिव्हच्या पोटात स्वतःचा ऑसिलेटर असतो: वीज दिली की तो एकाच सुरात ओरडतो. पॅसिव्हला सूर आपण पुरवायचा. दोन पेन्सिल सेल जोडून टेकवून पाहा. ॲक्टिव्ह किंचाळेल, पॅसिव्ह नुसता ‘टक्’ करेल.

ॲक्टिव्हचा फायदा म्हणजे डोकं लावावं लागत नाही. मेशटास्टिकच्या सेटिंगमधल्या ‘एक्स्टर्नल नोटिफिकेशन’ पानावर बझर जोडलेल्या पिनचा आकडा आणि किती मिलिसेकंद वाजवायचं ते भरलं की झालं. तोटा असा की पाचजणांच्या पाच डब्या सारख्याच कोकलतात, आणि कोणाची वाजली म्हणून पाचही जण सॅक उतरवतात. बरेचसे 5 व्होल्टचे असतात, बोर्डाच्या पिनच्या 3.3 व्होल्टवर आवाज बसतो. घेताना 3 व्होल्टचा मागा.

तीन पायांचं आयतं मॉड्यूल मोहात पाडतं, कारण ट्रान्झिस्टर (पिनच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा स्विच) त्यावर आधीच असतो. मीही पहिल्यांदा तेच घेतलं. 5 व्होल्टला जोडलं आणि ते रात्रभर बारीक कुईं करत राहिलं, बंद म्हणून होईना. अशी बरीच मॉड्यूल पिन खाली गेली की वाजतात. आपली पिन मात्र चढून चढून 3.3 पर्यंतच जाते, त्यामुळे 5 व्होल्टवरचा त्यांचा ट्रान्झिस्टर पुरता मिटत नाही. मॉड्यूल 3.3 वर घ्या आणि सेटिंगमधला ‘ॲक्टिव्ह’ हा खटका बंद ठेवा. (तिथे ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे बझरची जात नव्हे, पिन वर गेल्यावर वाजायचं की खाली, एवढंच. या एका शब्दाने माझी एक संध्याकाळ खाल्ली.) घरच्या खिडकीत ठेवलेल्या नोडला, म्हणजे मेशटास्टिकच्या डबीला, हे ठीक आहे. हातातल्या डबीत त्याची पट्टी मावता मावत नाही.

माझं मत पॅसिव्हला. ‘यूज पीडब्ल्यूएम’ (पिन झपाट्याने चालू-बंद करून सूर काढणं) चालू करायचं आणि पिनचा आकडा डिव्हाइस सेटिंगमधल्या बझरच्या रकान्यात भरायचा, कारण ‘एक्स्टर्नल नोटिफिकेशन’च्या पानावरचा ‘आउटपुट’ मग विचारातच घेतला जात नाही. त्यानंतर जुन्या नोकियाच्या आरटीटीटीएल पद्धतीत हवी ती धून लिहा. ज्याची त्याची धून वेगळी, सॅक उतरवायचा घोळ संपला.

पण पॅसिव्हमध्येही पुन्हा दोन पोटजाती आहेत, आणि खरी निवड इथे आहे. चुंबकी पॅसिव्हमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्याचा रोध 16 ओहमचा असेल तर 3.3 व्होल्टला तो 200 मिलिअँपिअर ओढू पाहतो. पिनचा तेवढा जीव नाही. एनपीएन ट्रान्झिस्टर, बेसला 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि वेटोळ्यावर उलटा डायोड लावावाच लागतो. दुसरी पोटजात पिझो, तिच्यात वेटोळ्याऐवजी विजेने थरथरणारी चकती असते. पिझोचं तसं नाही. त्याला काही मिलिअँपिअर पुरतात, 100 ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून थेट पिनला जोडता येतो. डबीत दोनच तारा जातात.

पिझोची खोड मात्र वेगळी: तो ठरावीक उंच सुरातच मोठ्याने वाजतो, साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये. मधल्या सप्तकातली गोड धून दिलीत तर डास गुणगुणल्यासारखी ऐकू येईल. म्हणून धून सातव्या ऑक्टेव्हमध्ये लिहा, तिथले स्वर 2,093 ते 3,951 हर्ट्झमध्ये पडतात. धून कर्कश लागते, पण वाऱ्यात तीच पोचते. गटात वयस्कर मंडळी असतील तर त्या पट्टीच्या खालच्या टोकाला राहा. अगदी वरचे सूर उतारवयात आधी हरवतात.

थरथरणारी नाण्याएवढी मोटर खिशातल्या डबीला उत्तम, सॅकला लटकवलेल्या डबीला निरुपयोगी. तिलाही ट्रान्झिस्टर आणि डायोड लागतोच.

पिन निवडताना व्ही३वर 0, 3, 45, 46 टाळा, बोर्ड सुरू होताना चिप त्याच वाचते. 8 ते 14 लोरा रेडिओच्या आहेत. मी 7 वापरतो. आणि ‘अलर्ट मेसेज’ऐवजी फक्त ‘अलर्ट बेल’ चालू ठेवा: ज्या निरोपात घंटेची खूण असेल तोच वाजेल. नाहीतर ‘चहा कुठे’ला पण बोंब.

बझरच्या भोकावर कागदी चिकटपट्टी असते, ती सोल्डर करून धुवून झाल्यावर काढायची असते. आवाज फारच कानात घुसत असेल तर राहू द्या.